मुळांची आंब

कैरीच्या फोडी मीठ-तिखट लावून खायला घेतल्या की दोनावर कुणी थांबत नाही. मग रात्री भाकरीचा तुकडा दाढेखाली जातो, दातांतून एक बारीक शिरशिरी उठते आणि घरातलं कुणीतरी लगेच ओळखतं: दात आंबले. मराठीने हा शब्द फार नेमका घडवला आहे. दाताचं पांढरं कवच म्हणजे एक खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं बांधलेलं, ॲपेटाइट नावाचं. तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या खाली घसरला की त्या कवचाचे कण सुटून लाळेत उतरू लागतात, आणि कैरीचा रस तर त्याच्याही पुष्कळ खाली असतो. नंतर लाळ आपल्याजवळचं कॅल्शियम आणि फॉस्फेट देऊन थोडीफार डागडुजी करते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा कैरी खायची हिंमत होते.

ॲपेटाइट हे नाव १७८६ साली अब्राहम गॉटलोब वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फसवणारा. कधी हिरवट, कधी निळसर, कधी पिवळट दिसून हा दगड भल्याभल्या जाणकारांना दुसऱ्याच रत्नांचा भास करून द्यायचा. मला त्याची फसवणूक वेगळीच वाटते. तो जवळपास प्रत्येक शेतात असतो आणि मागितला तर मिळत नाही. त्याच्याकडून फॉस्फेट काढून घ्यायचं तर कुणीतरी त्याचे दात आंबवावे लागतात.

हे काम मातीत अहोरात्र चालू असतं. तिथे खडकाचा कण हा दात आणि मूळ ही कैरी.

पनवेलहून रोह्याच्या गाडीने निघालं की आपटा, जिते आणि मग हमरापूर येतं. पुढचं स्टेशन पेण. हमरापुराची ख्याती गणपतीची. पत्र्याच्या शेडमध्ये, पडवीत, ओट्यावर, जिथे बघावं तिथे न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, आणि वातावरणात प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीचा वास. या भागात येणारा माणूस मूर्ती बघतो आणि परत जातो. शेतांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र पेण तालुक्याची जमीन रसायनशास्त्राच्या धड्यासारखी वाटते. पूर्वेला डोंगर, त्याच्या उतारावर तांबूस वरकस जमीन. मधे भाताची खाचरं. पश्चिमेला खाडीलगतचा खारेपाट, जिथे बांध घालून आणि उघाड्या बसवून समुद्राला बाहेर ठेवलेलं आहे. काही किलोमीटरांत मातीचा स्वभाव पार बदलतो.

डोंगर काळ्या कातळाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचे. या कातळाचा कागदाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात ॲपेटाइटच्या बारीक सुया दिसतात. प्रमाण नगण्य, पण डोंगर नगण्य नाहीत. पावसाळ्यामागून पावसाळे हा कातळ झिजतो, नद्या तो गाळ खाली आणतात आणि त्याबरोबर फॉस्फेटही येतं. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात ते हेच. नत्र, स्फुरद, पालाश या त्रिकुटातला मधला. शब्द सुंदर आहे: स्फुर् म्हणजे थरथरणं, लखलखणं. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने मूत्र आटवता आटवता सोनं शोधायला जाऊन अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळवला, त्याची आठवण या शब्दात आपोआप राहिली आहे.

आता एक हिशेब करून बघू. एक एकर शेत, त्यातला वरचा सहा इंचांचा थर. त्याचं वजन भरतं साडेआठ-नऊ लाख किलो. साधारण मातीत स्फुरद ०.०५ टक्के धरला तरी तो सव्वाचारशे किलोच्या वर जातो. भाताचं चांगलं पीक दाणा-पेंढा मिळून एकरातून पाचेक किलो स्फुरद उचलतं. म्हणजे ऐंशी वर्षांची बेगमी पायाखाली पडली आहे. पण मूळ दगड चावू शकत नाही, त्याला स्फुरद पाण्यात विरघळलेला लागतो. मातीतल्या पाण्यात तो किती असतो? लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग धरला तर त्या एकरातल्या सगळ्या ओलाव्यात मिळून अठरा ग्रॅम. चहात घालायची चार चमचे साखर, तेवढाच.

ही दोन आकड्यांमधली दरी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी आकडेमोड पुन्हा तपासली. चुकली नव्हती. अठरा ग्रॅमच्या शिलकीवर पाच किलो खर्च चालवायचा म्हणजे चार महिन्यांत ती शिल्लक पावणेतीनशे वेळा संपायला आणि भरायला हवी. दिवसाला दोनदा, किंवा त्याहून थोडी जास्त. कोण भरतं?

त्याआधी स्फुरदाला कोंडून ठेवणारी कुलपं बघायला हवीत. वरकस जमीन आम्ल, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेली. तिचा तांबूस रंग म्हणजे गंजच. गंजाच्या कणाला फॉस्फेटचं भयंकर वेड. जवळून गेलं की चिकटवून घेतो आणि हळूहळू आत ओढतो. खारेपाटाकडे सामू सातच्या आसपास किंवा वर, तिथे लोखंडाऐवजी कॅल्शियम पहारा देतं. एकाच तालुक्यात दोन कुलपं, दोन वेगळ्या किल्ल्यांची. गोणीतून टाकलेलं विद्राव्य खतही यांच्या तावडीतून सुटत नाही. पहिल्या हंगामात पिकाच्या हाती त्यातला पंधरा-वीस टक्केच लागतो, बाकीचा जमीन धरून ठेवते. फॉस्फेट मातीत सरकतंही इतकं संथ की मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला तर बाहेरचं फॉस्फेट धावून येत नाही. मुळालाच पुढे जावं लागतं, नाहीतर काहीतरी सोडावं लागतं.

मुळं सोडतात ती आम्लं आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. लिंबातलं सायट्रिक, सफरचंदातलं मॅलिक, चुका आणि अळूतलं ऑक्झॅलिक. ही तिन्ही शुद्ध रूपात मिळवणारा एक माणूस म्हणजे स्वीडनमधला औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शेले. ऑक्झॅलिक १७७६, सायट्रिक १७८४, मॅलिक १७८५. त्याआधी १७६९ मध्ये चिंच-द्राक्षांतलं टार्टारिक. आणि गंमत अशी की हाडाच्या राखेत फॉस्फरस असतो हे योहान गान याच्याबरोबर दाखवणाराही हाच शेले. कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा एकाच माणसाच्या टेबलावर, वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पडून होता. मातीत या दोघांची रोज गाठ पडते, हे समजायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली.

आम्ल खनिज विरघळवतं म्हणजे नेमकं काय करतं? पहिली गोष्ट सरळ. आम्लातून हायड्रोजनचे आयन सुटतात, ते फॉस्फेटला जाऊन चिकटतात, आणि हायड्रोजन चिकटलेल्या फॉस्फेटची कॅल्शियमवरची पकड ढिली होते. दात आंबतात ते मुख्यतः असे. पण एवढंच असतं तर कुठलंही आम्ल चाललं असतं, आणि लोखंडाच्या कुलपापुढे तर ही किल्ली फारशी फिरतच नाही. वरकस जमीन आधीच आम्ल आहे, तरी तिचं फॉस्फेट घट्ट आहे. खरी करामत दुसरी.

ती घरात बघायची असेल तर काळवंडलेली तांब्याची कळशी आणि मूठभर चिंच घ्यावी. चिंच चोळली की कळशी लख्ख होते, आणि खाली गळणाऱ्या पाण्यात काळिमा वाहून जातो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्याच्या आयनाला दोन्ही बाजूंनी धरतं आणि उचलून पाण्यात नेतं. या धरण्याला १९२० साली मॉर्गन आणि ड्र्यू या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी नाव दिलं कीलेट, ग्रीक शब्दावरून, अर्थ खेकड्याची नांगी. खारेपाटात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. चिंबोरी एका डेंग्याने धरते तेव्हा हात झटकून सुटका होते. दोन्ही डेंग्यांनी धरलं की सुटका नाही. सायट्रिक आम्लाच्या रेणूला असे तीन डेंगे असतात, तीन आम्लगट आणि वर एक हायड्रॉक्सिल. तो लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा आयन मधोमध पकडतो आणि खनिजातून उपसून काढतो. जोडीदार गेला की फॉस्फेट एकटं उरतं, आणि एकटं फॉस्फेट पाण्यात उतरतं. लोखंडाच्या पृष्ठभागावर फॉस्फेट बसलं असेल तर सायट्रेट तिथे धक्का देऊन स्वतःच ती जागा बळकावतं, हा त्याचा आणखी एक उद्योग.

जोडीदार हिरावून दगड विरघळवण्याचं एक उदाहरण हमरापुरातल्या मूर्तींनाच लागू पडतं, म्हणून थोडं आडवळण घेतो. प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. विसर्जनाची मूर्ती आठवडेच्या आठवडे तळाशी तशीच पडून राहते ती त्यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय दाखवला: बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचं आणि मूर्ती त्यात बुडवायची. कार्बोनेट कॅल्शियमला पळवतं, दोघं मिळून खडूसारखा साका होऊन खाली बसतात, आणि पाण्यात उरतं अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून झाडांना घालता येतं. इथे तीव्र आम्लाचं नावही नाही. कॅल्शियमला सल्फेटपेक्षा आवडता जोडीदार दिला, एवढंच. घरातल्या बादलीत घडणारा हा प्रकार बघितला की मातीतली सायट्रेटची चाल वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मग ही आम्लं करतं कोण? सगळ्यात आधी हरभरा, कारण त्याची आंब आपल्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या शेतावर धुतलेलं फडकं फिरवायचं, दवाबरोबर पानांवरची आंब त्यात भिजून येते, ती पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीवर घरोघरी ही बाटली असायची. हरभऱ्याच्या शेतातून अनवाणी चाललेल्याच्या पोटऱ्या चुरचुरतात त्याही याच आंबेमुळे. पानांवरच्या बारीक केसांच्या टोकांना मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचे थेंब असतात. पण आपण फडकं फिरवतो ते वरच्या अंगाला. खाली अंधारात त्याच झाडाची मुळंही आंब सोडत असतात, मुख्यतः मॅलॉनिक आणि सायट्रिक आम्लाची, आणि ती टिपून घ्यायला कुणी पहाटे उठत नाही.

तुरीची गोष्ट याहून नवलाची. कोकणात भाताच्या बांधावर तूर लावतात. खाचरात भात, कडेला तूर. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथे नोरिहारू ए या जपानी शास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. लाल मातीत, स्फुरदाचं खत न देता, ज्वारीसारखी पिकं माना टाकायची आणि तूर टिकायची. लाल मातीतलं फॉस्फेट लोखंडाच्या कुलपात. तूर ते उघडते कशी? त्यांनी मुळांचा पाझर गोळा करून त्यातली द्रव्यं वेगळी केली आणि पिसिडिक आम्ल हाती लागलं. हे आम्ल लोखंडाला डेंग्यांत धरतं आणि फॉस्फेट मोकळं करतं. १९९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे काम छापून आलं. आम्लाचं नाव आलं ते पिसिडिया या झाडावरून, आणि त्या झाडाचं नाव मासे मारण्यावरून, कारण वेस्ट इंडीजमध्ये त्याची साल पाण्यात टाकून मासे गुंगवत. माशांच्या विषाचं नाव मिरवणारं आम्ल आपल्या वरणाच्या तुरीत कशाला असावं? निसर्गाला नावं माहीत नसतात.

बांधावरच्या तुरीने सोडवलेला स्फुरद ती स्वतःच पिऊन टाकते, शेजाऱ्याला देत नाही, असं म्हणता येईल. पण तिची पानं गळतात, मुळं कुजतात, आणि लोखंडातून निघालेला स्फुरद मग सेंद्रिय रूपात मातीत परततो. पुढचं पीक तो उचलू शकतं. शेतकऱ्याने बांधावरची मोकळी जागा वाया जाऊ नये म्हणून तूर टोकली, हे खरंच. पण बांधाची माती खणून वर टाकलेली, बहुतेकदा लाल आणि कोरडी, म्हणजे तुरीच्या किल्लीला अगदी हवं तसं कुलूप.

या सगळ्यांत उधळा कोण म्हणाल तर पांढरा ल्युपिन, भूमध्य समुद्राकाठचं एक कडधान्य. स्फुरद कमी पडला की त्याच्या मुळांवर बाटली धुवायच्या ब्रशासारखे झुबके फुटतात आणि दोन-तीन दिवसांत एकदम सायट्रिक आम्ल ओतून मोकळे होतात. १९८९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मोजून बघितलं, तर मुळांनी बाहेर टाकलेलं सायट्रेट झाडाच्या एकूण कोरड्या वजनाच्या २३ टक्के भरलं. मुळाभोवतीचा सामू साडेसातवरून ४.८ पर्यंत उतरला होता आणि मातीत कॅल्शियम सायट्रेटचे पांढरे कण साठले होते. बादलीतल्या मूर्तीच्या तळाशी बसलेल्या साक्यासारखे. झाडाने उन्हातून, हवेतून, सगळी हयात खर्चून मिळवलेल्या कार्बनचा जवळजवळ चौथा हिस्सा, चिमूटभर स्फुरदासाठी, मातीत ओतून दिलेला. सावकारी व्याजदरही असे नसतात.

जिवाणू याहून काटकसरी. त्यांच्यातले अनेक ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल करतात आणि त्यासाठी साखर पेशीच्या आतही नेत नाहीत. आतल्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला एक विकर बसलेलं असतं, ते दारातच साखरेचं आम्ल करून टाकतं. दाराबाहेर तयार झालेलं आम्ल दाराबाहेरच्या दगडावर. असे जिवाणू शोधायची एक देखणी रीत १९४८ साली पिकोव्स्काया या सोव्हिएत संशोधिकेने घालून दिली. काचेच्या ताटलीत खळीसारखं पोषणद्रव्य ओतायचं, त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची भुकटी घालायची; ताटली दुधासारखी पांढरी दिसते. मग मातीचा थेंब टाकून काही दिवस वाट बघायची. जिवाणूंच्या वसाहती वाढू लागतात आणि त्यातल्या काहींच्या भोवती दूध फाटल्यासारखं स्वच्छ पारदर्शक वर्तुळ उमटतं. दगड विरघळताना उघड्या डोळ्यांनी दिसावा, असे प्रसंग फार नाहीत. हा त्यातला एक.

कृषी सेवा केंद्रात ‘पीएसबी’ म्हणून मिळणारं पाकीट म्हणजे ताटलीत वर्तुळ काढणारी हीच मंडळी. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून पेरायचं. गूळ असतो बियाण्याला चिकटवण्यासाठी. पहिले काही तास जिवाणूंची शिदोरीही होत असावी. या पाकिटाबद्दल मात्र हात राखून बोलावं असं मला वाटतं. ताटलीत साखर भरपूर असते आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे सगळ्यांत सोपं कुलूप आहे. शेतातल्या मातीत साखर नाही, स्थानिक जिवाणूंची गर्दी आहे, आणि आम्ल पाझरलं तरी चुनखडीची माती ते लगेच शमवते. शिवाय जिवाणूंना स्वतःलाही स्फुरद लागतो. ते सोडवतात तो आधी स्वतःच्या पोटात जातो आणि मेल्यावरच पिकाच्या वाट्याला येतो. म्हणून ताटलीत पहिला आलेला शेतात नेहमी पास होतोच असं नाही. शेणखत, पालापाचोळा भरपूर असलेल्या जमिनीत या जिवाणूंना खायला मिळतं, तिथे त्यांची आशा जास्त.

बुरशी तर आपल्या घरातच आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ पावसाळ्यात दमट जागी टांगलेली राहिली की सालीखाली काळी भुकटी धरते. ती ॲस्परजिलस नायगर. जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये दाखवलं की साखरेवर वाढवली तर ही बुरशी सायट्रिक आम्लाचा पाट वाहवते, आणि सरबताच्या पुडीतलं, सोड्याच्या बाटलीतलं आजचं बहुतेक सायट्रिक आम्ल लिंबातून येत नाही, तिच्यापासूनच बनतं. मातीत तीच बुरशी तेच आम्ल फॉस्फेटच्या कणांवर सोडते. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांच्या मातीत तर १९९७ साली खनिजांच्या कणांत आरपार गेलेले बारीक बोगदे सापडले, केसाच्या दहाव्या भागाएवढे रुंद, गोल, गुळगुळीत. झाडांच्या मुळांशी संसार थाटलेल्या बुरश्यांचे धागे आम्लं सोडत दगडातून वाट काढतात, असा अर्थ शोधणाऱ्यांनी लावला.

माणसाला हे उशिरा सुचलं आणि सुचलं ते दांडगाईने. १८४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लीबिगने हाडांवर गंधकाम्ल ओतायचा सल्ला दिला, १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉझने सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं, आणि कारखाने उभे राहिले. आजही सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत स्फुरद, ऑक्साइडच्या हिशेबाने मोजला तर, १६ टक्के असतो आणि उरलेल्यात मोठा वाटा जिप्समचा, म्हणजे मूर्तीच्या पांढऱ्या भुकटीच्या सख्ख्या भावाचा. हमरापूरपासून खाडीपलीकडे ट्रॉम्बेला राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यात ‘सुफला’ करताना गंधकाम्लाऐवजी नत्राम्ल वापरून खडकाचं फॉस्फेट फोडतात. खडक येतो उदयपूरजवळच्या झामरकोट्रासारख्या खाणींतून, आणि त्याहून कितीतरी जास्त जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तहून जहाजाने. इतक्या लांबून आणून, इतकं कडक आम्ल ओतून विरघळवलेलं फॉस्फेट शेतात पडतं आणि वरकस जमिनीचं लोखंड त्याला पुन्हा कुलपात घालतं. मला यात कारखान्याची चूक दिसत नाही. पाऊस आला आणि पीक उभं करायचं आहे तेव्हा तुरीच्या मुळांची वाट कोण बघणार? पण ते बारीक सायट्रेट आणि हे पिंपभर गंधकाम्ल एकाच दगडाशी बोलतात, हे लक्षात राहतं.

आणि भात? हमरापुराच्या आसपासचं मुख्य पीक तर तेच. भाताने या कुलपासाठी वेगळाच डाव मांडला आहे, आणि त्यात पाऊस त्याचा साथीदार असतो.

खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा दोन-तीन दिवसांत संपते. प्राणवायू नाही म्हटल्यावर जिवाणू श्वासासाठी गंज वापरू लागतात. ही भाषा अलंकारिक नाही. आपण प्राणवायूकडे जे इलेक्ट्रॉन सोपवतो ते हे जिवाणू गंजातल्या लोखंडाला देतात. तांबडं लोखंड त्यामुळे पाण्यात विरघळणारं होतं, माती तांबडीची करडी-निळसर पडते, आणि गंजाला चिकटलेलं फॉस्फेट सुटतं. चिखलणी केलेल्या भाताला स्फुरदाची ओढ कोरडवाहू पिकाइतकी जाणवत नाही ती यामुळेच.

भाताच्या मुळाला मात्र त्या चिखलात जगायचं असतं. ते देठातल्या पोकळ नळ्यांतून पानांपासून हवा खाली आणतं आणि थोडी बाहेर झिरपू देतं. झिरपलेला प्राणवायू चिखलातल्या लोखंडाला भेटतो, मुळाच्या अंगावर पुन्हा गंज बसतो, आणि प्रत्येक लोखंडी आयनामागे हायड्रोजनचे दोन आयन सुटतात. म्हणजे मुळाभोवती आंब तयार होते, सायट्रिक नाही, मॅलिक नाही, गंजातून निघालेली. त्या आंबेने आसपासचं कॅल्शियमचं फॉस्फेट ढिलं पडतं. ब्रिटिश मृदाशास्त्रज्ञ गाय कर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे उलगडलं. आणि पाणी न साचणाऱ्या जमिनीत, वरकसात लावलेल्या भाताची मुळं चक्क सायट्रेट सोडून स्फुरद मिळवतात, हेही त्यांनीच १९९९ मध्ये दाखवलं. चिखलात एक युक्ती, कोरड्यात दुसरी, झाड तेच.

कापणीनंतर गंमत उलटते. पाणी उतरतं, हवा शिरते, सगळं सुटं लोखंड ताज्या गंजात बदलतं, आणि ताजा गंज जुन्यापेक्षा फॉस्फेटचा जास्त भुकेला. खाचरात भातामागून लगेच वाल टोकतात ते नेमके या वेळी. पोपटीचा वाल, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजणारा, जानेवारीच्या थंडीत या भागाला वेड लावणारा, तो स्फुरदाचे दरवाजे बंद होत असताना रुजतो. वालाच्या मुळांवरच्या गाठींना हवेतला नत्र बांधायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटच्या नाण्यांत चालतो, म्हणून कडधान्यं स्फुरदाची भुकेली. भाताला दिलेलं खत वालाला पुरेल असं गृहीत धरून टाकलेलं शेत मग का रेंगाळतं, याचं एक उत्तर त्या ताज्या गंजात आहे.

श्रावणात कधी खाचराच्या कडेने जाणं झालं तर शेतकऱ्याला विचारून भाताचा एक चूड अलगद उपटावा. मुळं वाहत्या पाण्यात धुवावीत, ओढू नयेत, हलवत राहावं. चिखल जाईल आणि तांबूस केशरी रंग उरेल. धुऊन निघणार नाही, कारण तो चिखलाचा नाही, गंजाचा आहे. मग मूळ बोटावर पसरून टोकाकडे नजर न्यावी. तिथे, शेवटच्या भागात, कालपरवाच वाढलेला तुकडा अजून स्वच्छ पांढरा असतो.